राजापूर, अनुक्रमांक १ : आठ फलकांच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार. डोंबिवली

गावच्या वाचनालयाच्या भिंतीला यंदा चुना काढला. मोकळ्या भिंतीवर काय लावायचं यावर मे महिन्यात बैठक झाली, मी तोंड उघडलं आणि काम गळ्यात पडलं. राजापूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहास, दोन बाय तीन फुटांचे आठ फलक, गणपतीच्या आधी भिंतीवर. खर्चाला चार हजार मंजूर.

गाव मालवण तालुक्यात. बैठकीतल्या एका मुलाने लगेच विचारलं, "राजापूर कशाला? आपण तर सिंधुदुर्गातले." त्याची चूक नाही. राजापूरच्या खासदारासाठी शेवटचं मतदान २००४ साली झालं. आज एकोणचाळिशीच्या आत असलेल्या कुणीही या मतदारसंघात मत दिलेलं नाही.

या नोंदी ठेवतोय कारण कुलाबा, कराड, इचलकरंजी, एरंडोल, डहाणू असे गेलेले मतदारसंघ राज्यात बरेच आहेत. त्यातल्या एखाद्यावर कुणी असं काम काढलं, तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याला वाचवता येतील.

१४ जून, शनिवार

पहिलं काम खासदारांची यादी. वाटलं अर्ध्या तासाचं आहे. दोन संध्याकाळी गेल्या.

निवडणूक आयोगाच्या अहवालात १९५७ सालचं महाराष्ट्राचं पान शोधत बसलो होतो. सापडणार कुठून? महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. १९५७ मध्ये आपण 'मुंबई' या द्विभाषिक राज्यात, गुजरातसकट. 'बॉम्बे' उघडल्यावर राजापूर लगेच मिळालं. त्याच्या आधी, १९५२ ला, राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच नव्हता; तेव्हा रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन होते. म्हणजे आपली सुरुवात १९५७. ज्यांना १९६० च्या आधीचं काही शोधायचंय त्यांनी राज्याचं नाव आधी तपासा.

यादी अशी जमली :

नाथ पै : १९५७, १९६२, १९६७
मधु दंडवते : १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९
सुधीर सावंत : १९९१
सुरेश प्रभू : १९९६, १९९९, २००४

बेरीज बारा. इथेच फसलो. बारा निवडणुका धरून पहिल्या फलकाचा मजकूर लिहून काढला. झोपताना शंका आली. राजापूर दुसऱ्या लोकसभेत सुरू झालं, चौदाव्या लोकसभेत संपलं. चौदातून पहिली वजा केली तर तेरा उरतात. एक गळली होती. १९९८ ची. ती लोकसभा तेरा महिन्यांत पडली म्हणून माझ्याही डोक्यातून पडली. तीही प्रभूंनीच जिंकली होती.

तेरा निवडणुका, चार खासदार. त्यातही काँग्रेसचा फक्त एक, तोही एकदाच, १९९१ ला. ही ओळ पहिल्या फलकावर मोठ्या अक्षरात जाणार. लोकसभेचे क्रमांक मोजून पडताळायची ही युक्ती लक्षात ठेवा, फुकट आहे आणि चुकत नाही.

२२ जून, रविवार

या आठवड्यात दोन चुका, दोन्ही माझ्याच.

पहिली. नाथ पै यांचं निधन १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात झालं. दंडवते निवडून आले १९७१ मध्ये. मी सरळ लिहून टाकलं, 'नाथ पैंच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत दंडवते विजयी.' मग त्या पोटनिवडणुकीचे आकडे शोधायला बसलो. तीन संध्याकाळी शोधले. सापडले नाहीत, कारण पोटनिवडणूक झालीच नाही. इंदिरा गांधींनी मुदतीच्या वर्षभर आधी, २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित करवली होती. नाथ पै गेले तेव्हा लोकसभाच अस्तित्वात नव्हती, मग रिकामी जागा कुठली आणि पोटनिवडणूक कुठली? दंडवते मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत आले. पाठोपाठच्या दोन तारखांमध्ये 'म्हणून' घालायच्या आधी मधे काय घडलं ते बघायला हवं होतं.

दुसरी. १९७७ च्या रकान्यात दंडवत्यांच्या नावापुढे पक्ष दिसला 'भारतीय लोकदल'. आयुष्यभर समाजवादी असलेला माणूस चरणसिंगांच्या पक्षात कधी गेला, याचा शोध घ्यायला मी निघालो. उत्तर साधं आहे. आणीबाणीनंतर जनता पक्ष घाईत उभा राहिला आणि त्या निवडणुकीत त्याचे उमेदवार लोकदलाच्या चिन्हावर लढले, म्हणून आयोगाच्या कागदावर तेच नाव. दंडवते तर आणीबाणी लागली त्या सकाळी बंगळुरात वाजपेयी-अडवाणींसोबत पकडले गेलेले. फलकावर 'जनता पक्ष' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात चिन्हाचा खुलासा दिला. त्यांच्या पक्षांची नावं क्रमाने अशी येतात : प्रजासमाजवादी, जनता (कागदावर लोकदल), जनता, जनता, जनता दल. माणूस जागेवर, पाट्या बदलत्या.

१९८४ चा आकडा बघून थांबलो. इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट. राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला. उरलेल्या पाचांत राजापूर.

६ जुलै, रविवार. आषाढी

काकांना फोन. वय नव्वदीला टेकलेलं, कान शाबूत. १९५७ ला बावीस वर्षांचे, म्हणजे पहिलंच मत. (तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, अठरा झालं १९८९ मध्ये.)

मी विचारलं, शिक्का कशावर मारला? म्हणाले, "शिक्को कसलो? झोपडयेच्या पेटयेत चिठी घातलंय." मला वाटलं वयाने घोळ होतोय. नंतर बघितलं तर काका बरोबर, मी चूक. १९५२ आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पेटीत टाकायची, खूण कसली करायची नाही. एकाच मतपत्रिकेवर सगळ्यांची नावं आणि त्यावर शिक्का, हे देशभर १९६२ ला आलं. झोपडी हे प्रजासमाजवादी पक्षाचं चिन्ह.

दुसरा फलक मी नाथ पैंच्या चरित्राने भरला होता : जन्म २५ सप्टेंबर १९२२, वेंगुर्ला, विलायतेत बॅरिस्टर, वगैरे. तो निम्मा खोडून काकांची पेटी घातली. चरित्र कुठेही मिळतं.

नाथ पैंची सभा ऐकली होती का, हेही विचारलं. "आयकलंय तर. पण काय बोल्ले ता माका इचारू नको. आवाज तेवढो आठवता."

संसदेतलं त्यांचं एक काम मात्र ठेवलं. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९६७ मध्ये निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर नाथ पैंनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं, संसदेला तो अधिकार असल्याचं स्पष्ट करणारं. ते मंजूर झालं नाही. पण १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने सरकारनेच तो अधिकार संसदेकडे घेतला. तोवर नाथ पै नव्हते. हे सत्तर शब्दांत बसवायला एक अख्खी दुपार गेली.

१९ जुलै, शनिवार

नकाशा. आठ फलकांत सर्वांत जास्त वेळ याने खाल्ला, साडेसतरा तास.

रत्नागिरी जिल्ह्याचा जुना छापील नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवत होतो. ओळखीच्या जागा दोन्ही नकाशांवर टिंबाने जोडायच्या, की जुना नकाशा ताणून आजच्यावर चपखल बसतो. सहा टिंबं दिली. किनारा वेंगुर्ल्याला जमला, मालवणला जमला, पण वरच्या बाजूला सगळं वाकडं. विजयदुर्गाची खाडी डोंगर चढायला लागली होती. नव्याने टिंबं दिली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जुन्या नकाशावर मी राजापूर गाव धरलंय आणि नव्यावर 'राजापूर रोड' हे रेल्वे स्टेशन. ते स्टेशन गावापासून चांगलं लांब आहे, हे तिथे उतरून रिक्षासाठी उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. सावंतवाडी रोडचंही तेच. टिंबं देताना कोकण रेल्वेचं 'रोड' दिसलं की हात आवरा.

दुसरी अडचण हद्दींची. आजच्या तालुक्यांची फाइल घेतली तर त्यात दोडामार्ग वेगळा दिसतो. १९५७ ला तो सावंतवाडीतच. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. म्हणजे पहिल्या सहा निवडणुका एकाच जिल्ह्यात झाल्या आणि नंतरच्या सातांत मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरलेला. नावाचं गाव रत्नागिरीत, बराचसा मुलूख सिंधुदुर्गात. बैठकीतल्या त्या मुलाचा प्रश्न इथून आलेला.

शेवटी एका नकाशाचे दोन केले. डावीकडे २००४ ची विधानसभा नावं, उजवीकडे २००९ ची. डावीकडे वेंगुर्ला, मालवण, देवगड आहेत. उजवीकडे ती तिन्ही गायब, त्यांच्या जागी कुडाळ आणि कणकवली. मालवण कुडाळात गेलं, देवगड कणकवलीत, वेंगुर्ला सावंतवाडीत. लोकसभेच्या नावाबरोबर आपल्या तालुक्याचं नावही यादीतून गेलं, हे गावातल्या किती जणांच्या लक्षात आहे कोण जाणे.

२७ जुलै, रविवार

मतदारसंघ का गेला? मी लिहिलं होतं, 'पुनर्रचनेत विसर्जित झाला.' बायकोने वाचून विचारलं, "म्हणजे का?" मला उत्तर देता आलं नाही. तो फलक फाडला आणि कागद घेऊन भागाकार केला.

जागांची वाटणी २००१ च्या जनगणनेवर. महाराष्ट्र ९,६८,७८,६२७. जागा ४८, त्या वाढवायच्या नाहीत. म्हणजे एका खासदारामागे साधारण २०.१८ लाख माणसं.

सिंधुदुर्ग : ८,६८,८२५
रत्नागिरी : १६,९६,७७७
दोन्ही मिळून पंचवीस लाख पासष्ट हजार. भागिले २०.१८ लाख, म्हणजे सव्वा खासदार.

ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरसकट) : ८१,३१,८४९. भागिले २०.१८ लाख, म्हणजे चार, जवळजवळ नेमके.

आधी कोकणपट्टीत राजापूर, रत्नागिरी आणि कुलाबा असे तीन होते; त्यांचे रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन झाले. रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर रायगडला जोडले, तर रायगडातले पनवेल, उरण, कर्जत मावळला. ठाणे जिल्ह्यात आधी ठाणे आणि डहाणू असे दोन. त्यांचे पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले.

आमच्या घरातून १९७० च्या दशकात वडील मुंबईला आले, मग आत्या, मग दोन काका. शेजारच्या घराला आता कुलूपच असतं, गणपतीला उघडतं. हे सगळे चाकरमानी ज्या दिशेने गेले त्याच दिशेने त्यांच्या मागून खासदारकी गेली, फक्त तीस-चाळीस वर्षं उशिरा. उशिरा का, त्याचंही उत्तर आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये जागांची वाटणी गोठवली होती, त्यामुळे माणसं निघून जात होती तरी १९७७ ते २००४ नकाशा तोच राहिला. मी स्वतः डोंबिवलीत मत देतो, म्हणजे कल्याण मतदारसंघात, म्हणजे २००८ ला नव्याने निघालेल्या जागेत. राजापूर संपवणाऱ्यांत आमच्या घरची पाच मतं आहेत.

हा सहावा फलक. इतरांपेक्षा यावर शब्द कमी आणि आकडे जास्त, तरी हाच मला जमलाय असं वाटतं.

३ ऑगस्ट, रविवार

मजकूर गटावर टाकला आणि तीन दिवस वाद झाला. इतिहासावर नाही, फोटोंवर. कुणाचा फोटो किती इंचाचा, आजच्या पुढाऱ्यांचे का नाहीत, आणि कुठल्याही फोटोचा वापरहक्क आपल्याकडे आहे का. शेवटी मी सगळेच फोटो काढून टाकले. चार नावं, चारही एकाच मापाच्या अक्षरात. भांडण संपलं आणि जागाही वाचली.

कोकण रेल्वे कुणाच्या फलकावर घालायची हा खरा प्रश्न होता. दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा ते अर्थमंत्री, रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे. पण पूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. तेव्हा दंडवत्यांचा पराभव होऊन सात वर्षं होत आलेली. रेल्वेचा वेगळाच फलक केला, पाचवा, कुणाच्याही नावाशिवाय. प्रभू रेल्वेमंत्री झाले २०१४ ला, म्हणजे राजापूर संपल्यावर. एका सदस्याच्या आग्रहाखातर तेही तळाला एका ओळीत घातलं.

'कधी संपला' यावरही दोन मतं. पुनर्रचना लागू करणारा राष्ट्रपतींचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ चा, पण प्रभू २००९ च्या निवडणुकीपर्यंत राजापूरचेच खासदार होते. मी दोन्ही तारखा दिल्या.

आणि एक गंमत : जुन्या यादीत महाराष्ट्राचे मतदारसंघ दक्षिणेकडून मोजायचे, त्यामुळे राजापूर अनुक्रमांक १. नव्या यादीत मोजणी नंदुरबारपासून. रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ वा.

९ ऑगस्ट, शनिवार

छपाईवाल्याकडून आठही फलक आले. सनबोर्डावर, चौरस फुटाला ६५ रुपये, ४८ चौरस फूट, ३१२० रुपये. घरी आणून पुसले, भिंतीला टेकवले, वाचले आणि डोकं धरलं.

'बॅरिस्टर'मधला अर्धचंद्र उडून पुढच्या अक्षरावर बसलेला. 'सार्वत्रिक'चा रफार गायब. 'पंतप्रधान'मधला 'प्र' म्हणजे नुसता 'प' आणि शेजारी एक चौकोन. मी युनिकोडमध्ये मजकूर दिला होता. त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला आणि तपासला नाही. आठांपैकी पाच फलक बाद.

त्यांचं म्हणणं, फाइल तुमची. माझं म्हणणं, नमुना दाखवायला हवा होता. खरं सांगायचं तर नमुना मीच मागितला नव्हता, घाई होती. अर्धा-अर्धा खर्च ठरला, ९७५ रुपये माझ्याकडून.

यावर उपाय : मजकूर द्यायचाच नाही. अक्षरांचं चित्र करून, म्हणजे छपाईवाले 'कर्व्ह' म्हणतात तसं करून, पीडीएफ द्यायची. मग त्यांच्याकडे कुठलाही फॉन्ट असो वा नसो. आणि छापण्याआधी एक ए-फोर रंगीत प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचायची. डोळे रफार गाळतात, तोंड गाळत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. दुकान बंद. फलक सोमवारी.

२० ऑगस्ट, बुधवार

सोमवार-मंगळवार पावसाने अडकलो. आज फलक मिळाले. अक्षरं शाबूत.

२४ ऑगस्ट, रविवार. कोकणकन्या

ठाण्याहून चढलो. गणपतीची गर्दी, डब्यात पाय ठेवायला जागा नाही. आठही फलक जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून खालच्या बर्थखाली सरकवले. तीन फूट लांबी बरोबर मावते. समोरच्या बाईंनी विचारलं काय आहे. सांगितलं. म्हणाल्या, दंडवते म्हणजे ते गादीवाले ना? बरोबर. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात. पाचव्या फलकावर हे आहे, आणि तो फलक त्या क्षणी बर्थच्या खाली होता.

२५ ऑगस्ट, सोमवार. गाव

कुडाळहून रिक्षा, ३५० रुपये. दुपारी दुहेरी चिकटपट्टीने आठही लावले. रात्री नऊला पहिला पडला, पहाटेपर्यंत सगळे. ओल धरलेल्या चुन्यावर चिकटपट्टी चुन्याचा थर घेऊनच खाली येते. सहाव्याचा कोपरा दुमडला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चिऱ्यात खिळा ठोकून बघितला, चिरा भुसभुशीत, भोक मोठं होत जातं. सुताराला बोलावलं. त्याने दोन चिऱ्यांमधल्या दरजेत लाकडी गुल्ल्या ठोकल्या, त्यावर एक लांब पट्टी मारली आणि पट्टीवरून फलक सुंभाने टांगले. फलक आणि भिंतीत बोटभर फट राहते, वारा खेळतो. दीड तासात काम झालं. हे त्याला जूनमध्येच विचारायला हवं होतं.

हिशेब : छपाई ३१२०, पुनर्छपाईतला वाटा ९७५, नमुन्यांच्या प्रती १८०, खिळे, पट्टी, सुंभ १४०, रिक्षा ३५०. एकूण ४७६५. मंजूर ४०००. सुताराने पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी काका काठी टेकत आले. दुसऱ्या फलकावरची पेटी बोटाने शोधली, झोपडीवर बोट ठेवलं. मग सहाव्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"तुझा मत खय?"

"कल्याणात."

"मगे बरोबर." मग मान वर करून, "पण ह्या वाचूक माका शिडी व्हयी."

खरंच, मी माझ्या उंचीने टांगले होते. सुताराला परत निरोप धाडलाय. उद्या प्रतिष्ठापना झाली की पट्टी फूटभर खाली घ्यायची. वरची भोकं चुन्याने बुजवावी लागतील, चुना उरलाय का ते बघायचंय.